सहीचं वजन

विभागप्रमुख दिघावकर सरांना प्रयोगशाळेत पाऊल टाकताच पंखा लागायचा. काचपेटीतल्या सूक्ष्म वजनकाट्याची दारं सताड उघडी ठेवून ते वजन करायचे आणि आकडे नाचायला लागले की काट्यालाच शिव्या घालायचे. "सर, वाऱ्याने आकडा हलतो," हे सांगून सांगून संशोधक विद्यार्थिनी चैत्रालीच्या तोंडाला फेस आला होता. आज तर सर तो काटा भंगारात काढायला निघाले होते आणि तिचं सगळं संशोधन त्याच काट्यावर चाललं होतं.

"हा बघ कॅन्टीनचा काटा!" सरांनी तो टेबलावर आदळला. "भर पंख्याखाली आकडा जागचा हलत नाही. याला म्हणतात अचूक!"

चैत्रालीने कपाळाला हात लावला. मग पंखा बंद केला, एक कोरा कागद आधी कॅन्टीनच्या काट्यावर आणि नंतर काचपेटीत दारं लावून तोलला, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले.

"सर, आता या कागदावर सही करा. तुमची ती मोठी, शाईपेनाची."

सहीचा सरांना भारी अभिमान. त्यांनी ती ऐटीत ठोकली. शाई वाळल्यावर चैत्रालीने कागद पुन्हा दोन्हीकडे तोलला. काचपेटीतला आकडा किंचित वाढून स्थिरावला. कॅन्टीनचा काटा मात्र ढिम्म.

"सर, तुमच्या या अचूक काट्याच्या मते तुम्ही सही केलेलीच नाही. आता सांगा, भंगारात कोणता काढायचा?"

सरांनी कॅन्टीनचा काटा काखेत मारला. "फरसाण तोलायला ठीक आहे," असं पुटपुटत ते निघून गेले.