लांबट भोपळ्याची मुलगी

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक म्हातारा मुलांना पोहायला शिकवायचा. पाठीला वाळलेला पोकळ भोपळा बांधायचा, पोराला पाण्यात सोडायचं आणि काठावरून ओरडत राहायचं, ही त्याची शाळा.

एके काळी त्याला झाडून सगळ्या मुलांची नावं पाठ होती. पण दर उन्हाळ्यात नवी मुलं येत, पोहायला लागली की जात आणि पुढे रस्त्यात भेटली तरी ओळख दाखवत नसत. म्हातारा थकला. गुडघे दुखत, त्याहून जास्त मन दुखे. कशाला डोक्याला ताप, म्हणून त्याने नावं विचारणंच सोडलं. पाठीवरचा भोपळा बघून तो हाक मारी. कुणी चपटा भोपळा, कुणी डागाळ भोपळा. मुलं हसत आणि ओ देत, त्यामुळे काम भागत होतं.

लांबट भोपळा बांधणारी एक अबोल मुलगी होती. एका सकाळी ती जरा खोल पाण्यात गेली आणि तिची दोरी तुटली. भोपळा एकीकडे वाहून गेला, मुलगी भोवऱ्याकडे ओढली जाऊ लागली. घाबरून ती हातपाय झाडत होती आणि दमत चालली होती. उताणी होऊन अंग सैल सोडलं असतं, तर तरंगली असती.

म्हाताऱ्याने उडी टाकली, हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिच्या पाठीवर भोपळाच नव्हता. "ए पोरी, उताणी हो," तो ओरडला. पाण्यातल्या बाकी सगळ्या पोरी उताण्या झाल्या. ती एकटी तशीच झगडत राहिली.

तेवढ्यात काठावरून तिची मैत्रीण ओरडली, "चांगुणे, उताणी हो. आबा येतायत."

मुलीने चटकन अंग सोडलं. म्हातारा पोचला आणि तिला दंडाला धरून काठावर घेऊन आला.

"माझी हाक ऐकू नाही आली का गं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आली की. पण मला वाटलं, दुसऱ्या कुणाला असेल."

म्हातारा खाली मान घालून बसला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पाण्याची धास्ती घेतली होती तिने. दुखरे गुडघे ओढत म्हातारा तिच्या गल्लीपर्यंत चढून गेला. विसरायला नको म्हणून वाटभर तिचं नाव पुटपुटत होता.

"चांगुणा," त्याने दारातून हाक मारली, "चल. आज मी पाण्यात तुझ्याशेजारी आहे."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग ती आली आणि उतारावर तिनेच त्याचा हात धरला.

काठावर त्याने एकेकाला नाव विचारलं. दुपारपर्यंत निम्मी नावं विसरला, मग पुन्हा विचारली. थकवा काही गेला नाही. पण भोपळ्याला त्याने परत हाक मारली नाही.

तात्पर्य: ज्याला सांभाळायचं, त्याचं नाव आधीच विचारून ठेवावं. बुडताना विचारायला वेळ नसतो.