कागदी हवेलीचं दार

भाविकहो, चीन देशाच्या दक्षिणेला लिउशी नावाचं गाव होतं. पुढे नदी, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी बुद्धाचं एक जुनं मंदिर. त्या मंदिरात कोंगशी महाराज राहत. महाराज फारसं प्रवचन करीत नसत. सकाळी मंत्र म्हणत, मग मुळ्याच्या वाफ्यात खपत आणि दुपारी तिथेच बांधावर डोकं टेकून झोपत. नवखा माणूस आला की त्यांनाच माळी समजून महाराज कुठे आहेत असं विचारी. महाराज म्हणत, "मघाशी तर इथंच होते."

गावात शेन बाओ टोफू करून विकायचा. सोयाबीन भिजवायचं, जात्यावर दळायचं, दूध उकळून नासवायचं, फडक्यात दाबून वड्या पाडायच्या. तीस वर्षं हे काम दोघं नवराबायको करत होती. एका हिवाळ्यात बायको सूझेन गेली. तेव्हापासून शेन बाओचा टोफू कधी विटेसारखा व्हायचा, तर कधी पेजेसारखा. लोक काही बोलत नसत, घेऊन जात. महाराज मात्र रोज एक वडी खाऊन म्हणत, "कालच्यापेक्षा बरा आहे." कधीकधी ते खरंही असे.

वसंतात तिकडे छिंगमिंगचा सण येतो. आपण पितरांना पान वाढतो, तसे तिथले लोक डोंगरावर जाऊन कबरी झाडतात आणि कागदाच्या वस्तू करून जाळतात. इथं कागद जळला की तिथं ती वस्तू खरी होऊन आपल्या माणसाच्या हाती पडते, अशी त्यांची श्रद्धा.

शेन बाओला एकच गोष्ट पाठवायची होती. जोडे. सूझेन जन्मभर जात्यापाशी ओल्या जमिनीवर उभी राहिली. तिचे जोडे कायम कुजलेले. दरवर्षी तो म्हणायचा, यंदा नवे आणू. ती म्हणायची, आधी जात्याचा खुंटा बदला. खुंटा बदलला गेला आणि ती जुन्याच जोड्यांत गेली. म्हणून त्यानं घरातला कागदी कंदील सोडवला, भाताची खळ केली आणि चार दिवस खपून जोडे केले. डावा उजव्यापेक्षा बोटभर मोठा झाला. तसाच त्याला हवा होता.

सूझेनच्या कबरीला लागून फांग देलू या मालदार माणसाच्या आईची कबर होती. तीही त्याच हिवाळ्यात गेली होती. फांगनं तिच्यासाठी शहरातल्या कारागिराकडून कागदाची तीनमजली हवेली करून आणली. उचलायला आठ माणसं लागली. अंगणात दोन सिंह, आत स्वयंपाकी, पुढे लाल दार आणि दारावर सोनेरी खिळे. सगळं गाव बघायला लोटलं. तेवढ्यात फांगची नजर शेन बाओच्या हातांकडे गेली.

"शेन बाओ, हे जोडे आहेत की बदक आणि त्याचं पिल्लू?"

सगळे हसले. डावा मोठा का, ते शेन बाओला ठाऊक होतं. पण बायकोच्या पावलांविषयी चारचौघांत बोलणं तिकडे लाजिरवाणं समजतात. फांग म्हणाला, "माझी आई आता शेजारी राहायला येणार. तिच्या दारापुढे असली लक्तरं नकोत." आणि त्यानं काठीच्या टोकानं जोडे उडवले. ते थेट पाण्याच्या चरात पडले.

ओला कागद जळत नाही, आणि जळला नाही तर पोचत नाही. सण पुन्हा वर्षानं. तोवर ती त्याच कुजक्या जोड्यांत. शेन बाओ गुडघाभर चिखलात उतरला. जोडे हातात आले तेव्हा त्यांचा लगदा व्हायला लागला होता.

महाराज मुळ्यांची जुडी घेऊन वर आले होते. त्यांनी शेन बाओच्या हातातून जोडे घेतले, धूळ झटकावी तशी एक फुंकर घातली आणि कबरीपुढे ठेवले. वर एक मुळा ठेवला. उदबत्ती टेकवली मात्र, काय आश्चर्य सांगावं! ते ओले जोडे कापरासारखे पेटले. मुळासुद्धा जळून गेला, पानांसकट.

मग महाराज हवेलीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी लाल दारावर बोटानं टकटक केलं.

"फांग मालक, हे उघडतं कुठून?"

"महाराज, शहरातल्या सर्वांत मोठ्या कारागिरानं रंगवलंय ते. खिळे बघा नुसते."

"खिळे छान आहेत," महाराज म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. हवेली धडाधडा जळाली.

दुसऱ्या दिवसापासून टोफूच्या गाड्यापाशी एकच विषय. फांग मालकांना दुपारची झोप लागत नाही. डोळा लागला की आई स्वप्नात येते आणि उजवा कान पिळते. वैद्यानं कानात सुया टोचल्या, तर म्हातारीनं सुयांच्या खाली पिळलं. झोपायचंच नाही असं त्यानं ठरवलं, तर जेवताना डुलकी लागून तोंड वाडग्यात गेलं आणि तिथंही ती हजर.

चौथ्या दिवशी शेन बाओ महाराजांना टोफू द्यायला वाफ्यावर गेला होता, तेव्हा फांग तिथं आला. टोपी कानावर ओढलेली, तरी कान टोमॅटोसारखा बाहेर.

"आई काही सांगते, की नुसताच कान?" महाराजांनी विचारलं.

"ती तोंड उघडते तोवर मी ओरडून उठतो."

"मग आज ओरडू नका. आडवे व्हा इथं."

फांग रेशमी झग्यासकट मुळ्याच्या वाफ्यात आडवा झाला. महाराजांनी आपला मातीनं माखलेला हात त्याच्या कानावर ठेवला. फांग लगेच घोरू लागला आणि मग त्याच्या तोंडून त्याच्या आईचा आवाज आला. शेन बाओनं तो लगेच ओळखला. म्हातारी प्रत्येक वडी बोटानं दाबून बघायची. त्यानं नकळत टोफूवर फडकं ओढलं.

"मेल्या, दार रंगवलंस, ते उघडणार कोण? स्वयंपाकी आत, मी बाहेर. खिडकीतून हाका मारल्या, तर खिडकीपण रंगवलेली. शेन बाओच्या बायकोनं झोपडीत घेतलं म्हणून निभावतंय. चार दिवस एका मुळ्याचं सार पितोय दोघी."

गेले चार दिवस एकच प्रश्न शेन बाओच्या मनात होता, आणि तो त्यानं महाराजांनाही विचारला नव्हता. तो फांगच्या तोंडापाशी वाकला.

"आजी, जोडे पोचले का हो तिला?"

"पोचले तर. पायातून काढत नाही. म्हणते, दूध सांडून डावा पाय भाजला होता, तेव्हापासून सुजलेला. नवऱ्याशिवाय कुणाला दाखवला नाही. आता वीस वर्षांत पहिल्यांदा दुखायचा थांबलाय. उजवा मात्र घट्ट झालाय म्हणे. जुना आणला होता त्यानं, तोही घट्टच."

शेन बाओ हसत होता आणि डोळे पुसत होता.

फांग जागा झाला. सगळं त्यानंही ऐकलं होतं. "शहरातून कारागीर बोलावतो," तो म्हणाला.

"कारागिरानंच तर केलं होतं," महाराज म्हणाले.

शेन बाओ घरी जाऊन कंदिलाचा उरलेला कागद घेऊन आला. महाराजांच्या भांड्यातल्या भाताची खळ झाली. फांगनं आपल्या हातांनी दार केलं, तळहाताएवढं, वाकडं, दोऱ्याच्या बिजागरीचं. शेन बाओनं कडा धरून ठेवली. फांगनं ते दहा वेळा उघडून, लावून पाहिलं आणि मग पेटवलं. धूर सरळ वर गेला. फांगनं एक जांभई दिली आणि तो तिथेच कलंडला. यावेळी कुणी कान पिळला नाही. जागा झाला तेव्हा कानाचा रंग ठीक होता.

उठून त्यानं महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्याचा चांगला कान चिमटीत धरून त्याला अलगद वळवलं.

"तिकडे," महाराज म्हणाले.

फांग मालकानं त्या चिखलात शेन बाओपुढे कपाळ टेकलं. शेन बाओनं त्याला लगेच उठवायला हवं होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो गवताची काडी तळहातावर धरून माप घेत होता. पुढच्या वर्षी उजवा किती सैल करायचा, एक तांदूळभर की दोन.