गळलेला टाका

“विणायला शिकून करणार काय, जिवाजी?”

मठातल्या आक्का ओसरीवर विणत बसल्या होत्या. प्रश्न विचारताना त्यांनी मान वर केली नाही. निवृत्त फौजदाराला एकेरी हाक मारणारं तालुक्यात आता एवढंच एक माणूस उरलं होतं.

“नातवाला स्वेटर करीन.”

“बाजारात मिळतात की.”

“माझ्या हातचा द्यायचाय.”

आक्कांनी पुढं विचारलं नाही. सगळं गाव जाणून होतं. शालननं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा जिवाजीराव लेकीला म्हणाले होते, “या घराचा आणि तुझा संबंध संपला.” ती नदीपलीकडं राहायला गेली. आता तिला मुलगा झाला होता, आणि आजोबा झाल्याची बातमी जिवाजीरावांना कळली ती न्हाव्याकडून! त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

एक सुलट, एक उलट... आयुष्यभर दंडुका धरलेल्या हाताला सुई कसली ऐकते! चार बोटं विणून होत, तोवर कुठंतरी खाली टाका गळालेला दिसे. मग फौजदारांचा पारा चढे. सर्रकन सुई ओढून ते सगळं उसवून टाकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. थंडी सरत आली तरी स्वेटर चार बोटांच्या पुढं जाईना. मूल काय वाढायचं थांबणार होतं?

“पोरगं रांगायला लागलंय म्हणे, आक्का...” एका दुपारी ते म्हणाले. “मी अजून त्याचं तोंडही पाहिलं नाही.”

“का?”

“तिनं यायला हवं. बाप आहे मी. दार काय, उघडंच आहे.”

“तिला ठाऊक आहे?”

जिवाजीराव खाली मान घालून विणू लागले. घटकाभरानं त्यांना पुन्हा गळलेला टाका दिसला. त्यांनी सुई ओढायला हात घातला. तोच आक्कांनी त्यांचं मनगट धरलं.

“एका टाक्यापायी सगळंच उसवतोस?”

“गेला ना तो!”

“गेलाय कुठं? हा काय इथं.”

त्यांनी बोट ठेवलं. खूप खाली लोकरीचा तेवढासा फास उघडा पडला होता. जिवाजीराव टक लावून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढं शालन आली.

“वर कधी येईल हा, आक्का?” त्यांनी त्या फासावरून बोट फिरवलं. “किती वाट बघायची माणसानं...”

आक्कांनी शेजारची आकड्याची सुई उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“गळलेला टाका आपणहून वर येत नसतो, जिवाजी... सुईलाच खाली जावं लागतं.”