गिरणीतला खोकला

एका गावात संभूआप्पा नावाचा गिरणीवाला होता. एकोणीस वर्षांत त्याची गिरणी एक दिवसही बंद नव्हती, आणि हे तो येईल त्याला ऐकवी.

ऐन दिवाळीच्या भाजणीच्या दिवसांत त्याची नात छबी तापली. डोळे लाल झाले, खोकला लागला. सकाळभर ती गिरणीतच पोत्यावर पडून होती. दुपारी तिच्या कानामागे पुरळ दिसलं. गोवर! गोवराची लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना आप्पानंच मागं एकदा दारातूनच परत पाठवलं होतं.

त्याची बायको कोंडाबाई हिनं घरात गोवर असल्याची खूण म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. म्हणाली, "गिरणी आठ दिवस बंद ठेवा."

"आप्पाची गिरणी बसली म्हणून गाव हसेल!" आप्पानं डहाळा ओढून फेकला. पोरीला मागच्या खोलीत नेऊन निजवलं. "पोर आत, गिऱ्हाईक बाहेर. झालं?"

थोड्या वेळानं शेजारची अनसा दळण घेऊन आली. कडेवर पाच महिन्यांची तान्ही. सकाळी छबी पडली होती, त्याच पोत्यावर अनसा टेकली.

"आप्पा, छबी दिसत नाही?"

"आजोळी गेली."

आतून खोकला आला.

"मग हे कोण खोकतंय?"

"म्हातारी. दुसरं कोण?"

अनसा हसली आणि दळण होईपर्यंत बसून राहिली.

अकराव्या दिवशी तान्ही तापली. मग अंगभर पुरळ उठलं, छाती भरली. लस टोचायचं वयही नव्हतं तिचं. ती गेली. छबी मात्र अंगणात खेळू लागली होती.

नर्सबाई आल्या तेव्हा आप्पा ताठ मानेनं म्हणाला, "अनसा आली तेव्हा माझी पोर तर तिथं नव्हतीच."

"आप्पा, पट्टा थांबला की पीठ लगेच खाली बसतं का?"

गिरणी थांबल्यावर किती वेळ पीठ हवेत तरंगतं, हे आप्पाइतकं गावात कुणाला ठाऊक होतं?

"गोवरही तसाच. माणूस उठून गेलं, तरी दोन तास हवेत राहतो."

आप्पानं स्वतःच्या हातानं गिरणीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी अनसा डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला निघाली. त्याच्या दारापाशी क्षणभर थांबली.

"आप्पा, म्हातारीचा खोकला बरा झाला का?"

उत्तराला ती थांबली नाही.

तात्पर्य: घरातलं दुखणं लपवून जो दार उघडं ठेवतो, तो दुसऱ्याच्या घरी मरण धाडतो. मागून लावलेल्या कुलपानं ते माघारी फिरत नाही.