बारा माशांचं दार

फार पूर्वी, आपल्या आज्याचा आजासुद्धा जन्मला नव्हता तेव्हा, समुद्राच्या काठी एक गाव होतं. माणसं कष्टाची होती. पण दर वीस-पंचवीस वर्षांनी तिथे मोठं वादळ यायचं, आणि आलं की उभं गाव आडवं करून जायचं.

त्या राज्याच्या राजाने गावामागच्या टेकडीवर दगडी कोठार बांधलं. नियम केला की प्रत्येक घराने दरवर्षी कोठारात आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं. कोणी तांदूळ, कोणी काथ्याचा दोर, कोणी लाकूड. वादळात घर गेलं तर कोठाराने ते उभं करून द्यायचं. भिंती आणि छप्पर सगळ्यांना सारखं. घरातलं सामान मात्र ज्याचं जेवढं होतं तेवढं.

आता जेवढं होतं म्हणजे किती? खरी अडचण ही. आधी राजाने प्रत्येकाकडून यादी लिहून घेतली. तर दोन गाईंच्या माणसाच्या यादीत सात गाई निघाल्या. राजाने याद्या चुलीत घातल्या आणि म्हणाला, "कागद नको. डोळे पाहिजेत."

तेव्हापासून रीत पडली. पावसाळ्याआधी एक दिवस ठरायचा. त्या दिवशी गावात एकही दार लागायचं नाही. शेजारी शेजाऱ्याच्या घरात जायचा, चुलीपासून माळ्यापर्यंत सगळं पाहायचा, गूळ-पाणी घ्यायचा आणि बाहेर पडायचा. पुढे वादळ झालं की कोठाराचा कोठारी सगळ्यांना बोलावायचा. ज्याने पाहिलं असेल त्याने ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन सांगायचं. स्वतःच्या घराबद्दल स्वतः बोलायचं नाही. घरच्यांनीही बोलायचं नाही. ऐकीव सांगायचं नाही, अंदाज तर मुळीच नाही.

पलीकडच्या गावाने एकदा अंदाज सांगितले. "याच्याकडे असेल, त्याच्याकडेही असेलच," असं म्हणत एकमेकांना भरभरून दिलं. निम्म्या गावातच त्यांचं कोठार रिकामं झालं. उरलेल्या निम्म्या गावाने पावसाळा झाडाखाली काढला. सहा म्हातारी माणसं त्यात गेली. म्हणून नियम कडक होता, आणि तो कडकच हवा.

या गावात होड्या बांधणारा एक सुतार होता. त्याच्यासारखा हात आसपासच्या दहा गावांत नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा. कोठारात सगळ्यांत जास्त तोच द्यायचा. दरवर्षी सागाचे दोन वासे, खांद्यावरून, सगळ्या गावासमोर. पण उघड्या दारांच्या दिवशी त्याचं दार बंद असायचं.

आत त्याच्या बापाची हत्यारं होती. होडीचा बाक कसा वळवायचा त्याचे लाकडी साचे होते. चार वर्षं वाळवलेल्या फळ्या होत्या. हे कोणी पाहिलं तर उद्या सगळेच होड्या बांधतील, अशी त्याला धास्ती. म्हणून तो दाराबाहेर पायरीवर बसायचा आणि गूळ-पाणी तिथेच द्यायचा.

दार मात्र बघण्यासारखं होतं. सागाचं, त्याने स्वतः कोरलेलं. वर शंख, खाली बारा मासे. मधोमध मुठीएवढं कुलूप. लोक यायचे, गूळ खायचे, दार बघायचे आणि जायचे.

"अहो, येऊ द्या ना त्यांना आत," त्याची बायको म्हणायची.

"माझ्या घरात काय आहे ते मला ठाऊक आहे. गावाला कशाला पाहिजे?"

"वादळ तुम्हाला विचारून येणार आहे का?"

"मी कोठाराला दोन वासे देतो. तुझा तो जाळी विणणारा शेजारी एक दोर देतो. माझं गेलं तर कोठारी आधी माझ्याकडे येईल."

यावर ती आत जाऊन भांडी जोरात आपटायची.

त्यांच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. घर एका खोलीचं. त्या दिवशी ती पहाटेच दार उघडून बसायची आणि येणाऱ्याला हाताला धरून आत न्यायची. "हे जातं. ही कढई, हिला एकच कान आहे, नीट बघ. ही गोधडी, मधे फाटलेली."

एकदा सुतार पायरीवरूनच हसून म्हणाला, "आजी, फाटकी गोधडीसुद्धा दाखवतेस? लाज नाही वाटत?"

"फाटकी आहे म्हणून तर फाटकी दाखवते. चांगली गोधडी फडताळात आहे, तीही दाखवते. तू काय दाखवतोस? कुलूप?"

"कुलूपसुद्धा बघायला नशीब लागतं आजी."

"बघते हो. दरवर्षी बघते. तुझा गूळ संपेपर्यंत दुसरं बघायला असतं काय इथे?"

बसलेले लोक हसले. सुताराला ते आवडलं नाही. पुढच्या वर्षी त्याने गूळ कमी दिला.

मग ते वर्ष आलं. उघड्या दारांचा दिवस होऊन बारा दिवस झाले होते. दुपारी समुद्र मागे हटला, नेहमीपेक्षा फार मागे. पक्षी जमिनीकडे आले. म्हातारीने शेळीचं दावं सोडलं आणि टेकडीची वाट धरली. तिच्यामागून सगळं गाव निघालं. सुताराची बायकोही निघाली. सुतार मात्र मागे फिरला. कुलूप लावायचं राहिलं होतं.

कुलूप लावून तो धावत टेकडीच्या निम्म्यावर पोचला, तेव्हा पहिली लाट गावात शिरली. त्याने वळून पाहिलं. कुलूप शाबूत होतं, दार शाबूत होतं, आणि दारासकट सगळं घर पाण्यावर निघालं होतं.

दोन दिवस वारा होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खाली गाव नव्हतं. चिखल होता आणि झावळ्या होत्या. माणसं सगळी वाचली होती, ही मोठी गोष्ट. शेळीही वाचली होती.

चौथ्या दिवशी साक्षी होणार होत्या. आदल्या दिवशी सुतार जाळी विणणाऱ्या शेजाऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुझी होडी फुटली. मी नवी बांधून देतो. उद्या फक्त एवढं म्हण, की तू माझ्याकडे करवत पाहिलीस. लाकूड तासायचा वाकस पाहिलास. पटाश्या पाहिल्यास."

"कधी पाहिल्या रे?"

"पाहिल्या असं म्हण ना. होत्याच त्या. खोटं थोडंच आहे?"

 शेजारी गरीब होता आणि होडीवाचून त्याची चूल पेटणार नव्हती. मग तो म्हणाला, "होत्या हे तुला ठाऊक आहे. मला नाही. तुझी होडी पाण्यावर चालेल, पण ओंजळीत पाणी घेऊन मी खोटं कसं बोलू? पलीकडच्या गावात माझी आत्या झाडाखाली गेली."

सुतार परत फिरला. हत्यारं मिळाली नाहीत तर आपण कोणीच नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. ज्याच्या हातात हत्यार नाही त्या सुताराला कोण सुतार म्हणेल?

सकाळी कोठाराच्या अंगणात गाव बसलं. मधे समुद्राच्या पाण्याची घागर ठेवली होती. कोठारी वयस्क आणि शांत होता. त्याने आधी म्हातारीचं नाव घेतलं. सात जण उठले. सातही जणांनी तेच सांगितलं. जातं, कढई, दोन गोधड्या, फडताळ.

"कढईला एकच कान होता," म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली.

"आजी, स्वतःबद्दल बोलायचं नाही."

"मी कढईबद्दल बोलते आहे."

कोठारी हसला. "एका कानाची कढई कोठारात नाही. दोन कानांची चालेल ना?"

असं एकेक घर झालं. मग कोठारी म्हणाला, "होड्यांचा सुतार. याच्या घरात काय होतं?"

कोणी उठलं नाही.

"याच्या घरात कोणी गेलं होतं?"

 सुताराची बायको उठली. "मी सांगते. त्यांच्या बापाची हत्यारं होती."

"बाई, घरच्यांची साक्ष चालत नाही."

"बाहेरच्यांना यांनी आत घेतलं नाही. आता मी ओरडू कुणाच्या नावाने?" असं म्हणून ती खाली बसली.

जाळी विणणारा उठला. "कोठारीबाबा, एवढ्या होड्या बांधल्या, म्हणजे हत्यारं असणारच की."

"असणार हा अंदाज झाला. किती होती? कसली होती? पाहिलीस?"

"नाही."

सुतार उभा राहिला. त्याचा आवाज चढला होता. "मी दरवर्षी दोन वासे दिले. सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. त्याचं काय?"

"दिलंस म्हणून तुला इथे बसायचा हक्क आहे," कोठारी म्हणाला. "तो कोणी काढून घेत नाही. पण काय गेलं ते वासे सांगत नाहीत, माणसं सांगतात." मग तो गावाकडे वळला. "शेवटचं विचारतो. या माणसाचं काहीही, कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे?"

म्हातारी उठली. तिने ओंजळीत पाणी घेतलं.

"मी दार पाहिलं. सागाचं होतं. वर शंख, खाली बारा मासे. डावीकडून चौथ्या माशाला डोळा नव्हता. अठरा वर्षं त्याच्यासमोर बसून गूळ खाल्ला. डोळे मिटूनसुद्धा सांगेन."

मग एकेक करून सगळं गाव उठलं. सगळ्यांनी दार पाहिलं होतं. त्या दिवशी एवढ्या साक्षी दुसऱ्या कशालाच पडल्या नाहीत.

कोठाऱ्याने निवाडा दिला. "भिंती आणि छप्पर, इतरांसारखं. आणि एक सागाचं दार. कोरीव दार कोठारात नाही. मासे तू स्वतः कोर."

कोणी हसलं नाही. सुताराने ते साधं दार डोक्यावर घेतलं आणि तो टेकडी उतरला. म्हातारीने तेवढं म्हटलं, "सुतारा, मासे कोरलेस तर मीठ माझ्याकडून."

चार दिवस तो दाराशेजारी चिखलात बसून राहिला. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "गावात सगळ्यांच्या होड्या फुटल्या आहेत. लोक तुमच्याकडे बघताहेत. आणि तुम्ही दाराकडे बघताय."

"हत्यारं नाहीत."

"मागा."

हा एक शब्द उचलायला त्याला सगळ्यांत जड गेला. आयुष्यात त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पण तो उठला आणि जाळी विणणाऱ्याकडे गेला. संध्याकाळपर्यंत एक गंजकी करवत आली. एक वाकस आला, दांडा नसलेला. पटाशी आली ती त्याच्याच बापाने कधीतरी कोणाला दिलेली होती.

त्याने दार दोन दगडांवर आडवं ठेवलं आणि त्यावर होडीचं काम सुरू केलं, भर किनाऱ्यावर, सगळ्या गावासमोर. साचे नव्हते. हातानेच बाक वळवला. लोक रोज येऊन बघत होते. कोणी फळी धरायचं, कोणी खिळे द्यायचं. पहिली होडी जाळी विणणाऱ्याला मिळाली. आणि एक गोष्ट सुताराने पाहिली. एवढे लोक बघत होते, तरी एकालाही होडी बांधता आली नाही. अठरा वर्षं त्याने जे कुलपात ठेवलं होतं, ते कुलपात नव्हतंच. ते त्याच्या हातात होतं.

पुढच्या वर्षी उघड्या दारांचा दिवस आला. सुताराचं घर उभं राहिलं होतं. म्हातारी सगळ्यांच्या आधी आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिथे दार नव्हतंच.

"दार कुठे आहे रे?"

"किनाऱ्यावर. त्यावर होडी चालू आहे. आजी, आत ये." त्याने तिचा हात धरला. "ही करवत. ही माझी नाही, परत द्यायची आहे, तसंच सांग. ही पटाशी बापाची. हा वाकस, याचा दांडा मी नवा बसवला. नीट बघ."

म्हातारीने सगळं नीट पाहिलं. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आता गूळ दे. आणि या खेपेला हात आखडू नकोस."

म्हणून लक्षात ठेवा: जे आपण कोणालाच पाहू दिलं नाही, ते बुडाल्यावर आपलं होतं असं सांगणारा कोणी भेटत नाही.