निंबखळीच्या देवळाचं दार

निंबखळीच्या ख्रिस्ती देवळाला दाराची चौकट आहे, पण दार नाही. पावसाळ्यात झड आत येते, शेळ्या येतात, एकदा तर उपदेश चालू असताना वळूच येऊन उभा राहिला होता. पाहुणे विचारतात, "चोरीला गेलं का हो?" तेव्हा उंबऱ्यावर तांब्या घेऊन बसलेलं माणूस म्हणतं, "गेलं कुठं? हे काय, मी बसलोय की!"

कारण रविवारी गावात एकमेकांना असंच विचारतात, "आज दार कोण?" कोणी सांगतं, "आज दार आमच्या सगुणाबाई."

यामागची गोष्ट अशी सांगतात.

पूर्वी या देवळाला बाभळीचं जाड, एकाच फळीचं दार होतं. ते याकोब सुतारानं केलं होतं. याकोबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. शद्रक मास्तरांनी दारावर बाहेरून खडूनं अक्षरं काढून दिली आणि याकोबानं ती महिनाभर बसून कोरली. 'मी दार आहे.' प्रभूनं स्वतःला घेतलेलं हे नाव आपल्या हातून उमटलं, म्हणून त्याला फार अप्रूप होतं. येता-जाता तो अक्षरांवरून बोट फिरवी. लोक चेष्टा करत, "याकोबा, झिजवशील रे!"

त्या साली खालच्या वाड्यांवर पटकीची साथ आली. माणसं सकाळी शेतात जात आणि दुपारी खांद्यावरून परत येत. निंबखळीत अजून कोणी दगावलं नव्हतं. पंचांनी ठरवलं, बाहेरचं माणूस देवळात घ्यायचं नाही. भक्ती दार लावून करायची. आतून अडसर घालायचं काम अर्थातच याकोबाकडे आलं.

रविवारी उन्हं चढल्यावर भक्ती सुरू झाली. लोक जीव मुठीत धरून आले होते, म्हणून गातही मोठ्यानं होते. दाराला टेकून उभ्या याकोबाला तेवढी थाप ऐकू आली.

"कोण आहे?" त्यानं फटीला तोंड लावून विचारलं.

"खालच्या वाडीची हाय, दादा. पाणी द्या. पोर हाय संगं."

याकोबाचा हात अडसरावर गेला. त्यानं पंचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. याकोब फटीतून म्हणाला, "जरा दम धरा, बाई. एवढं गाणं होऊ द्या."

त्यानंतर आणखी दोन थापा आल्या म्हणे. मग काही नाही. याकोबाला वाटलं, गेली असेल विहिरीकडे. त्याला बरंच वाटलं, असं तो पुढं जन्मभर सांगत राहिला. ते त्यानं कधी लपवलं नाही.

भक्ती संपली. त्यानं अडसर काढला. दार आपोआप आत आलं आणि दाराला पाठ लावून बसलेली बाई उताणी त्याच्या पायावर पडली. डोळे उघडे होते. जीव नव्हता. तिच्या पदराखाली वर्षाची पोर जागी होती, आणि मुठीनं उंबरा वाजवत होती.

कोणी रडलंही नाही. गाणं म्हणून कोरडी झालेली तोंडं तशीच उघडी राहिली. मग माणसं भिंतीकडे सरकू लागली.

याकोबानं पोरीला उचललं आणि आपल्या बायकोकडे दिलं. तिनं पोरीला पदराखाली घेतलं. मग तो घरी जाऊन हत्यारं घेऊन आला आणि दाराच्या बिजागऱ्या उखडू लागला.

"याकोबा, अरे दार कशाला? तिला न्यायला दुसरी फळी घे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, दार कसलं हे?" याकोब म्हणाला. "दार तर बाहेर बसलं होतं, पाणी मागत. मी त्यालाच अडसर घातला."

त्यानं दार जमिनीवर आडवं टाकलं आणि बाईला त्यावर निजवलं. एक टोक उचललं. दुसरं कोणी धरेना. थोड्या वेळानं मास्तर आले. मग पंच आले. त्या फळीसकट तिला पुरलं. तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढं पंचांनी नवं दार करायला सांगितलं, तर याकोब रविवारी पाण्याचा तांब्या घेऊन स्वतःच उंबऱ्यावर बसला. बाराही महिने, मरेपर्यंत. त्याच्यामागं पहिली पाळी त्या पोरीनं घेतली. ती तोवर लेकुरवाळी झाली होती.

तिनंच एक रीत घातली म्हणतात. चौकटीत अडसराची भोकं अजून आहेत, त्यांत चिमण्या राहतात. देवळात माणसं भरतात, पेटीवाला सूर धरतो, पण गाणं लगेच सुरू होत नाही. आजही ज्याची पाळी असेल तो उठतो, रस्त्यावर जाऊन दोन्ही अंगांना पाहतो. लांबवर कोणी येताना दिसलं, तर सगळे गप्प बसून वाट बघतात, मग ते माणूस कुठल्याही देवाचं असो. रस्ता मोकळा दिसला, की तो उंबऱ्यावर परत येतो आणि आत तोंड करून म्हणतो,

"बाहेर कोणी नाही. आता म्हणा."