उंबऱ्यावर आपटलेली मोळी

"मारायचं नाही म्हणतेस, मग काय पाटावर बसवून वाढू त्यांना?"

धापूने घमेलं दाणकन खाली ठेवलं. त्यात माती, शेण आणि भुसा कालवलेला होता. सकाळपासून ती झोपडीच्या भिंतीतली भोकं बुजवत होती.

लाछां माई उन्हात बसून गोधडीला टाके घालत होती. तिने मान वर केली नाही.

"उंदरांचं बोलतेय मी, माई. कणगीवर आज पुन्हा लेंड्या सापडल्या. काल माझ्या अंथरुणात विंचू निघाला."

"ऐकलं."

"मग?"

लाछां माईला उत्तर द्यायची घाई कधीच नसे. धापूला मात्र उत्तराआधीच राग यायचा. गुरू आणि शिष्या अशी ही जोडी थरच्या वाळवंटात, वस्तीच्या टोकाला, एका गोल मातीच्या झोपडीत राहत होती.

झोपडीत एक कणगी होती. तिच्यात सगळ्या वस्तीचं बियाणं होतं, पुढच्या पावसात पेरायची बाजरी. वस्तीची जुनी रीतच तशी. ज्याच्या नावावर वीतभर शेत नाही, त्याच्याच घरी बियाणं ठेवायचं. माई फकीरीण. तिला ना शेत, ना मूलबाळ. म्हणून कणगी तिच्याकडे.

वस्तीचा मुखिया भोमसिंग याला ही रीत फार दिवस डाचत होती. ज्याच्या घरी बियाणं, त्याच्या दारात वस्ती, हे त्याला चांगलं कळत होतं. माईच्या झोपडीत उंदीर झाले हे कानावर आलं, तसा तो मोठ्या काळजीचं तोंड करून आला.

"अमावस्येला कणगी उघडून बघणार," म्हणाला. "बियाण्यात उंदीर शिरलेला दिसला, तर कणगी माझ्या घरी जाईल. मग या झोपडीचं तरी काय काम? तीही मोकळी करा."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"मुखियाकडे उंदरांचं औषध आहे," धापू म्हणाली. "पिठात कालवून ठेवलं की एका रात्रीत काम होईल."

"बियाण्याशेजारी विष ठेवशील?"

धापूने औषधाचा विषय सोडला. पण हरली असं मात्र कुणी म्हणू नये. धापू हरत नसे.

"बरं. मी भोकं बुजवलीत."

"कुठली?"

"सगळी. एक फट दाखव मला. बोट जाईल एवढी दाखव."

माईने सुई गोधडीत टोचून ठेवली. उठली. झोपडीभोवती एक फेरी मारली. भिंत हाताने चाचपली, छपराच्या कडा पाहिल्या, उंबऱ्याखाली वाकून पाहिलं.

"चांगलं काम केलंस," ती म्हणाली.

"मग येतात कुठून?"

"दारातून."

"दार मी लावते. सांज झाली की स्वतः लावते."

"हो. तूच लावतेस," माई म्हणाली आणि पुन्हा गोधडी घेऊन बसली.

धापूच्या मनात आलं, म्हातारीचं वय झालं. हे तिने तोंडावर बोलूनही दाखवलं असतं, पण सांजेला सरपण आणायचं होतं. ती चुंबळ घेऊन निघाली.

सरपण हा धापूचा अभिमान होता. झोपडीत शिरलं की कणगीच्या मागे, जमिनीपासून छपरापर्यंत, खेजडीच्या वाळक्या फांद्यांचा ढीग रचलेला. एवढं लाकूड वस्तीत मुखियाखेरीज कुणाच्या घरात नव्हतं. वाळवंटात लाकूड बाहेर ठेवायला जीव धजत नाही. रात्रीचं दव पडतं, शेजाऱ्याचा हात पडतो.

आणि धापूचं आणखी एक कारण होतं. ती घरातली पाचवी मुलगी. आता पुरे, पोट भरलं मुलींनी, म्हणून आईबापाने तिचं नाव धापू, म्हणजे धालेली, ठेवलेलं. भावांच्या घरी थंडीत तिची जागा दाराशी असायची, चुलीपासून सगळ्यात लांब. एक काटकी जास्त हवी तरी वहिनीला विचारावं लागे. तिथून ती भांडून निघाली आणि माईकडे आली. तेव्हापासून रोज मोळी आणायची आणि ढीग वाढवायचा. कुणाला विचारायचं नाही.

ऊन उतरताना ती परत आली. डोक्यावर मोळी, मान ताठ.

दारात माई उभी होती. हातात काठी.

"थांब. कोण आलंय?"

"आंधळी झालीस का? मी."

"आणखी?"

"एकटीच आहे."

"मोळी खाली टाक. इथं, उंबऱ्यावर."

"आत ठेवते ना..."

"आपट."

धापूने मोळी आपटली. चांगली चिडून आपटली. माईने वरून काठीचे दोन फटके दिले.

मोळीतून एक पाल निघाली आणि वाळूत पळाली. मग एक विंचू. त्याच्यामागे दुसरा, पिवळा, करंगळीएवढा. एका पोकळ फांदीतून उंदराचं पिल्लू बाहेर आलं. थंडीने ते थरथरत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. उघड्या दारातून चुलीची धग येत होती, तिकडे ते तुरुतुरु निघालं.

माईने त्याला काठीने हळूच मागे लोटलं.

धापूचा हात आपोआप डोक्याकडे गेला. एवढा वेळ हे सगळं तिने स्वतःच्या डोक्यावरून आणलं होतं. आजच काय, रोज आणलं होतं. तोंड मात्र तसंच होतं.

"मग? लाकडं आणू नको? थंडीनं मरू?"

"मी तसं म्हणाले?"

"ढीग बाहेर काढ म्हणशील आता. तो ढीग माझा आहे, माई. माझ्या डोक्यावरून आणलाय मी. तुझी झोपडी, तुझी चूल, तुझी गादी. ढीग तेवढा माझा. त्याला हात लावायचा नाही."

शिष्येने गुरूला असं बोलावं का? नसेल बोलायचं. धापू बोलली.

माईने काठी भिंतीला टेकवली. आपली गोधडी उचलली आणि बाहेर जाऊन वाळूत बसली.

"बाहेर का बसलीस?"

"तुझ्या ढिगाला हात लागायला नको."

वारा सुटला होता. म्हातारीने गोधडी डोक्यावरून घेतली. तिला खोकला आला. धापू दारात उभी राहून बघत राहिली. तिला राग येत होता. माईचा येत होता, आणि माई आत येत नाही याचाही येत होता.

शेवटी ती पाय आपटत आत गेली. वरची फांदी ओढली आणि दाराबाहेर फेकली. मग दुसरी. मग हाताला येईल ते. शिव्या चालूच होत्या. भावांना, वहिनीला, मुखियाला, उंदरांना. एक माईलाही दिली, हळू आवाजात.

ढीग कमरेपर्यंत आला आणि शिव्या थांबल्या.

मागे घरटं होतं. लोकरीचं. ती लोकर तिच्याच कांबळ्याची होती, कोपरा कुरतडलेला ती रोज बघत होती. आतल्या उबेत उंदरांचं अख्खं कुटुंब होतं. ते चहूकडे पांगलं. आणि ढिगाला टेकलेल्या बाजूने कणगी पोखरलेली होती. धापूने तिथे अंगठा दाबला. माती पापडासारखी पातळ झाली होती. आणखी दोन रात्री गेल्या असत्या, तर उंदरांना बाजरीपर्यंत वाट मिळाली असती. ज्या बाजूने धापूने कणगीला आपल्या लाकडांचा आधार दिला होता, तीच ही बाजू.

तिने सारी वस्ती बुडवायला घेतली होती.

धापू रडली. रडतानाही हात थांबले नाहीत. उरलेलं लाकूड तिने बाहेर काढलं, झोपडीपासून लांब, उघड्या वाळूत नेऊन टाकलं. गोवऱ्या काढल्या. धगीला पुन्हा कुणी येऊ नये म्हणून चुलीतली लाकडंही बाहेर नेली आणि तिथेच, वाळूत, तीन दगडांवर भाकरी टाकली. कणगीला माती लिंपली. अंथरूण झटकलं, मग आणखी एकदा झटकलं.

"आता ये आत," ती माईला म्हणाली. "आत काही नाही."

"बघू," माई म्हणाली आणि गारठलेल्या झोपडीत जाऊन निजली.

त्यानंतरच्या रात्री सोप्या नव्हत्या. चूल बाहेर, लाकूड बाहेर, आत कणगी आणि दोन बाया. वाळवंटातली थंडी हाडांत शिरते. धापू रात्रभर दात वाजवी आणि सकाळी उठून मला मस्त झोप लागली म्हणे. बाहेरच्या ढिगातून कुणी कुणी लाकडं नेलीही. तेव्हा ती भांडायला धावली नाही. तोंड मात्र भरपूर चालवलं.

लेंड्या मात्र दिसेनाशा झाल्या.

अमावस्येला सकाळी भोमसिंग आला. साक्षीला नागो आजोबांना घेऊन आला, कारण वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. मागे एक उंट होता. कणगी न्यायलाच आणला होता, हे उंटालाही कळत असावं.

धापू दारात आडवी उभी राहिली.

"बघायला आलात ना, मुखियाजी? मग उंट कशाला?"

"धापू," माई म्हणाली, "बाजूला हो. बघू दे."

भोमसिंग आत गेला. त्याने कणगीचं झाकण काढलं, बाजरी ओंजळीत घेतली, उन्हात आणून नागो आजोबांपुढे धरली. दाणा न दाणा भरलेला, टपोरा. तो पुन्हा आत गेला. कोपरे पाहिले, छपरात काठी खुपसली, कणगीमागे गुडघ्यांवर बसून पाहिलं. पगडीला जळमट लागलं, तेवढंच.

"काही नाही?" नागो आजोबांनी बाहेरून विचारलं.

"काहीच नाही," भोमसिंग म्हणाला. त्याला ते कबूल करणं जड गेलं. "घर आहे की थडगं? आत चूलही नाही."

"बाहेर आहे," धापू म्हणाली.

"या थंडीत? पोरी, ओठ निळे पडलेत तुझे."

"मला थंडी वाजत नाही."

हे म्हणताना तिचे दात एवढे वाजले, की नागो आजोबांना हसू आलं.

भोमसिंगने आवाज मऊ केला. "आजोबा, तुम्हीच सांगा. बाया कुडकुडून मरायच्या आणि बियाणं वाऱ्यावर पडायचं. त्यापेक्षा माझं घर काय वाईट? पक्क्या भिंती. आतल्या खोलीत रात्रंदिवस शेगडी पेटलेली. लाकूड म्हणाल तर भिंतभर रचलंय, धान्याची पोती त्याला लागून. थंडीचं नाव नाही घरात."

नागो आजोबा विचारात पडले. दाढी खाजवू लागले. बाया खरंच कुडकुडत होत्या.

धापू माईकडे बघत राहिली. बोल ना काहीतरी...

माईने गोधडी अंगाभोवती ओढून घेतली.

"आणि एक सांग, माई," भोमसिंग तिच्याकडे वळून म्हणाला, "मारले नाहीस म्हणे. मग एवढे उंदीर, एवढे विंचू गेले कुठं?"

माईने त्याच्या घराकडे पाहिलं. धुराड्यातून छान निळा धूर निघत होता.

"तू लवकर घरी जा, भोमसिंग... तुझ्या भिंतभर लाकडात पाहुणे येऊन बसले असतील."

नागो आजोबांनी उंटाचं तोंड रिकामंच परत वळवलं.